पहिला गडी

याद्या वाचण्याचा आम्हांस फार दिवसांपासून नाद आहे. लग्नघरातील आहेराची यादी असो, वाण्याच्या उधारीची असो, की नाटकाच्या जाहिरातीतील पात्रांची असो. ती हाती पडली म्हणजे शेवटच्या नावापर्यंत गेल्यावाचून आमचे समाधान होत नाही. यादीइतके प्रामाणिक आणि यादीइतके लबाड लिखाण दुसरे नसेल. ती एकही विशेषण वापरीत नाही, म्हणून प्रामाणिक. आणि पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत सर्वांस एकाच जाडीच्या अक्षरांत छापते, म्हणून लबाड. कोणाच्या नावावर घर चालले आहे आणि कोणाचे नाव केवळ ओळ भरण्यासाठी आले आहे, हे यादी सांगत नाही. ते वाचणाराने ओळखावयाचे असते, आणि हे ओळखण्यातच यादी वाचण्याची सगळी गंमत आहे.

हा नाद आम्हांस अलीकडे अमेरिकेतील फुटबॉलच्या दारापर्यंत घेऊन गेला आहे. आपल्यापैकी पुष्कळांची मुले-नातवंडे आज त्या देशात आहेत. सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत रविवारी त्यांस फोन केला असता ती अर्धवट उत्तरे का देतात, याचा ज्यांनी शोध केला असेल त्यांस हा खेळ निदान नावाने तरी ठाऊक असेलच. नाव फुटबॉल असले तरी तो खेळतात मुख्यत्वे हातांनी. दोन्ही बाजूंस अकरा-अकरा गडी. ज्यांच्याकडे चेंडू असेल त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे, आणि असे सरकत सरकत पलीकडची रेघ ओलांडावयाची. चेंडू घेऊन धावता येते, किंवा क्वार्टरबॅक नावाचा सूत्रधार तो दूरवर फेकतो आणि पुढे धावत गेलेला गडी तो झेलतो. या झेलणाऱ्या गड्यास म्हणतात रिसीव्हर.

हा शब्द आमच्या वाचकांस दोन अर्थांनी परिचित आहे. एक टेलिफोनचा, दुसरा भाऊबंदकीच्या दाव्यात कोर्टाने इस्टेटीवर नेमलेला. फुटबॉलच्या रिसीव्हराचे दोघांशीही नाते आहे. पहिल्याप्रमाणे तो दुरून आलेले घेतो, आणि दुसऱ्याप्रमाणे हाती आलेले सुखरूप राखण्याची जोखीम त्याच्यावर असते. संघात गडी असतात ५३. त्यांत रिसीव्हर बहुधा पाच ते सात. परंतु हे सातजण म्हणजे एकाच साच्याच्या सात विटा नव्हेत. कोणी मैदानाच्या कडेला उभा राहून प्रतिपक्षाच्या सर्वांत कसलेल्या रक्षकाशी झुंजतो; कोणी मधल्या गर्दीतून वाट काढून जवळचा चेंडू घेतो; कोणी केवळ वेगाचा धनी असतो. या तिसऱ्याकडे दिवसभरात एकही चेंडू आला नाही तरी त्याच्या भीतीने दोन रक्षक मागे हटतात, आणि त्यांनी सोडलेल्या जागेत दुसरेच कोणी झेल घेऊन नाव मिळवितात. पाचव्या-सहाव्या गड्यास तर झेलण्याआधी, लाथाडलेल्या चेंडूमागे धावून आपली भाकर मिळवावी लागते. म्हणून रिसीव्हरांची यादी वाचताना नावे मोजून भागत नाही. कामे मोजावी लागतात.

उदाहरणादाखल आम्ही घेतला आहे ग्रीन बे पॅकर्स हा संघ. तो निवडण्यास कारणे आहेत. ग्रीन बे हे विस्कॉन्सिन राज्यातील थंडीने गारठलेले गाव. २०२० च्या शिरगणतीप्रमाणे वस्ती सुमारे एक लाख सात हजार. न्यूयॉर्क-शिकागोसारख्या नगरांच्या पंक्तीस हे गाव बसते ते केवळ या संघाच्या बळावर. संघाचा कोणी धनाढ्य मालक नाही. पाच लाखांहून अधिक भागधारकांच्या मालकीची ती संस्था आहे. हे भाग घेणारास नफ्याची पै मिळत नाही, तरी माणसे ते विकत घेऊन चौकटीत लावून भिंतीवर टांगतात. १९१९ साली संघ निघाला तेव्हा गणवेशासाठी पैसे दिले ते इंडियन पॅकिंग कंपनी या मांस डबाबंद करणाऱ्या कारखान्याने. त्यावरून पॅकर्स हे नाव पडले. (त्यातील ‘इंडियन’ आपण नव्हे, हे सांगून वाचकांचा अभिमान वेळीच आवरलेला बरा.) परंतु मुख्य कारण निराळेच आहे. रिसीव्हर या पदास आज जी प्रतिष्ठा आहे तिचा पाया याच गावी घातला गेला. १९३५ ते १९४५ या अकरा हंगामांत डॉन हटसन नावाच्या गड्याने येथे झेल घेऊन ९९ टचडाउन केले, आणि तो उच्चांक १९८९ पर्यंत कोणास मोडता आला नाही. ज्या घराण्याचा मूळपुरुष असा, त्या घराण्यात ‘सध्या पहिला कोण?’ हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला जावा यात नवल ते काय!

२०२१ साली हा प्रश्न विचारण्याचे कारणच नव्हते. दाव्हान्ते अ‍ॅडम्स हा पहिला होता, आणि तो इतका पहिला होता की दुसरा कोण हे शोधावे लागे. त्या हंगामात त्याने १२३ झेल घेऊन १५५३ यार्ड मिळविले; त्याच्या खालोखाल जो होता त्याचे यार्ड ५१३. सूत्रधार अ‍ॅरन रॉजर्स याची दृष्टी अ‍ॅडम्सवर आणि अ‍ॅडम्सची रॉजर्सवर. अशा जोडीचा खेळ पाहताना यादीतील उरलेली नावे वाचण्याचे भान कोणास राहणार? ते भान २२ जानेवारी २०२२ च्या रात्री आले. सॅन फ्रान्सिस्कोविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्यात रॉजर्सचे २० चेंडू झेलले गेले, त्यांपैकी १८ केवळ दोघांनी झेलले: नऊ अ‍ॅडम्सने आणि नऊ अ‍ॅरन जोन्स या धावणाऱ्या गड्याने. ग्रीन बे १३-१० असे हरले. ज्या घरात एकच कर्ता असतो त्या घरास कुलूप घालावयास एकच किल्ली पुरते; प्रतिपक्षाने तेवढी किल्ली हस्तगत केली.

दोनच महिन्यांनी, मार्च २०२२ मध्ये, अ‍ॅडम्स लास वेगासच्या संघाकडे गेला. त्याच्या मोबदल्यात ग्रीन बेस त्या वर्षीच्या निवडीतील पहिल्या व दुसऱ्या फेरीची एकेक जागा मिळाली. ही निवड म्हणजे काय ते थोडक्यात सांगावयास हवे. दरसाल वसंतात बत्तीस संघ महाविद्यालयांतील तरुण गडी पाळीपाळीने निवडतात. सात फेऱ्या होतात, आणि जो संघ अधिक हरला असेल त्याची पाळी आधी येते. दुर्बळास प्रथम वाढावे, हा पंक्तीचा उदार नियम भांडवलशाहीच्या माहेरघरी पाळला जातो, हे पाहून आम्हांस मौज वाटते. मिळालेल्या जागांपैकी एक पुढे अदलाबदलीत घालून ग्रीन बेने ख्रिश्चन वॉटसन हा उंच व अतिशय वेगवान तरुण घेतला. चौथ्या फेरीत रोमिओ डब्स आला. पुढच्या वर्षी दुसऱ्या फेरीत जेडन रीड व पाचव्या फेरीत डोंटेव्हियन विक्स आले. रॉजर्सही एप्रिल २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या जेट्स संघाकडे गेला आणि जॉर्डन लव्ह सूत्रधार झाला. व्यवस्थापक ब्रायन गुटेकुन्स्ट आणि शिक्षक मॅट लाफ्लर यांनी पहिल्याच्या जागी दुसरा पहिला बसविला नाही. चार तरुण बसविले. एकाच्या ताटातील वाटा चौघांत वाटून दिला.

या तरुणांचा उमेदवारीचा काळ आम्ही मोठ्या आस्थेने पाहिला, कारण यादीतील नाव माणूस कसे होते ते अशाच वेळी दिसते. ११ सप्टेंबर २०२२ रोजी मिनेसोटा येथे हंगामातील पहिल्याच चालीत वॉटसन रक्षकास मागे टाकून मोकळा सुटला. समोर कोणी नाही. रॉजर्सने टाकलेला चेंडू अचूक त्याच्या हातांवर आला. आणि हातांतून निसटून जमिनीवर पडला. तो सामना ग्रीन बेने २३-७ असा गमावला, आणि अ‍ॅडम्सला घालवून हे काय आणले, असे बोल चहूकडून ऐकू आले. पुढे १३ नोव्हेंबरला डॅलसविरुद्ध त्याच वॉटसनने तीन टचडाउन केले व संघ जादा वेळेत ३१-२८ असा जिंकला. दोन्ही दिवशी यादीत त्याचे नाव त्याच ओळीत, त्याच अक्षरांत छापलेले होते.

दुसरी कथा बो मेल्टन याची. दुसऱ्या संघाने सातव्या फेरीत घेऊन सोडून दिलेला हा गडी ग्रीन बेच्या सराव-पथकात दिवस काढीत होता. सराव-पथक म्हणजे पंगतीस वाढावयाचे, पण स्वतः पानावर बसावयाचे नाही. २०२३ च्या अखेरीस वरचे गडी जायबंदी झाले, आणि ३१ डिसेंबरला मिनेसोटा येथे मेल्टनने सहा झेलांत १०५ यार्ड मिळविले. त्या हंगामात एका सामन्यात शंभरी गाठणारा तो ग्रीन बेचा पहिला रिसीव्हर! पहिल्या चौघांस जे तोपर्यंत साधले नव्हते ते यादीच्या तळातल्या माणसाने केले. दोन आठवड्यांनी बाद फेरीत डॅलसच्या घरी जाऊन ग्रीन बेने ४८-३२ असा विजय मिळविला, त्यात डब्सचे यार्ड १५१. चार वाटेकरांचे घर सुखाने नांदते असे सर्वांस वाटू लागले.

परंतु २०२४ च्या हंगामाने या सुखी कुटुंबाचे हिशेब तपासले. रीड ८५७ यार्ड, वॉटसन ६२०, डब्स ६०१, विक्स ४१५. बेरीज अ‍ॅडम्सच्या एकट्याच्या आकड्याहून कितीतरी मोठी. पण हजाराची मजल एकाचीही नाही. वाटा लहान झाला की वाटेकराचे मन किती मोठे राहते, हाही प्रश्न उभा राहिला. ऑक्टोबरमध्ये डब्स दोन दिवस सरावास आला नाही. संघाने त्यास एका सामन्यापुरते दूर ठेवले. परतल्यावर पुढच्याच सामन्यात त्याने दोन टचडाउन केले. त्याच्या मनात काय होते ते त्याचे त्यास ठाऊक. परंतु चेंडू एक आणि हात आठ, ही स्थिती कोणत्याही तरुणास सोपी नसते एवढे आम्ही खात्रीने म्हणू.

खरी परीक्षा जानेवारी २०२५ मध्ये झाली. ५ तारखेस शिकागोविरुद्ध वॉटसनचा गुडघा दुखावून त्याचा हंगाम संपला. १२ तारखेस फिलाडेल्फिया येथे बाद फेरीचा सामना. तेथे डब्सच्या डोक्यास मार बसून तो मैदानाबाहेर गेला. लव्हचे तीन चेंडू प्रतिपक्षाच्या हाती पडले. ग्रीन बे २२-१० असे हरले. पहिला एकच होता तेव्हा त्यास अडवून हार झाली. पहिला कोणीच नव्हता तेव्हा दोघे पडल्याने झाली. त्यानंतर संघाचाच धावणारा गडी जोश जेकब्स याने उघडपणे सांगितले, की आम्हांस एक सिद्ध झालेला पहिला रिसीव्हर हवा. टीकाकारांस तर ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ या अर्थाचे काही म्हणावयास निमित्तच हवे होते.

येथे आमचे मत थोडे निराळे आहे. संघाच्या ठायी खोली आहे की नाही हे विचारताना लोक नावांची संख्या मोजतात. पण खोली हा शब्द विहिरीचा आहे. विहीर किती रुंद आहे ते काठावर उभे राहून दिसते. किती खोल आहे ते दोर सोडल्यावर कळते. २०१५ साली याच संघाने दोर सोडून पाहिला होता. त्या ऑगस्टमध्ये जॉर्डी नेल्सन हा दूरवर धावणारा गडी सरावाच्या सामन्यात गुडघा दुखावून वर्षभरासाठी गेला. मागे नावे थोडी नव्हती: रँडल कॉब होता, जेम्स जोन्स परत आला, तरुण अ‍ॅडम्स होता, आणि चेंडू फेकावयास रॉजर्स होता. तरीही आदल्या वर्षी सोळा सामन्यांत ४८६ गुण करणारा संघ त्या वर्षी ३६८ वर आला. एक गडी गेला, पण त्याच्याबरोबर त्याची भीतीही गेली. रक्षक पुढे सरकले, मैदान आखूड झाले, आणि उरलेल्या सर्वांची वाट चिंचोळी झाली. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

उलट फेब्रुवारी २०११ चा सुपर बोल पाहावा. डोनाल्ड ड्रायव्हर हा जुना जाणता रिसीव्हर पूर्वार्धातच घोटा दुखावून बसला. त्याच्या वाटणीचे काम नेल्सनवर आले. त्या वेळी तो पहिला नव्हता, दुसराही नव्हता. त्याने हातचे काही चेंडू सोडलेही. पण सूत्रधाराने त्याच्याकडे फेकणे सोडले नाही. अखेर नऊ झेल, १४० यार्ड. आणि ग्रीन बे ३१-२५ असे जिंकले. गेलेल्याचे नाव भरून काढणारा नको. गेलेल्याचे काम उचलणारा हवा. २०११ मध्ये तो होता, २०१५ मध्ये नव्हता. नावांची यादी दोन्ही वर्षी भरगच्चच होती.

आणखी एक गोष्ट यादीत दिसत नाही, ती म्हणजे काळ. २०१५ साली अ‍ॅडम्सचे यार्ड ४८३ आणि टचडाउन एक. त्याच्या हातून चेंडू इतके सुटत की हा काही उपयोगाचा नव्हे असे मत पुष्कळांनी देऊन टाकले. पुढच्याच वर्षी नेल्सन परतला, रक्षकांची नजर वाटली गेली, आणि अ‍ॅडम्सने १२ टचडाउन केले. जेनिंग्ज, नेल्सन, कॉब, अ‍ॅडम्स हे चौघेही दुसऱ्या फेरीत आलेले. ड्रायव्हर तर १९९९ च्या सातव्या फेरीतला. यांतील एकासही कोणी पहिला म्हणून आणले नव्हते. वडील माणसांच्या छायेत त्यांनी काही वर्षे काढली, आणि छाया सरली तेव्हा ते उन्हात उभे राहण्याजोगे झाले होते. पहिल्याची नेमणूक होत नसते. तो होत असतो. २०२२ नंतरच्या चौघांचे दुर्दैव हे, की त्यांच्या डोक्यावर छायाच नव्हती. चौघे एकाच वयाचे. शिकविणारा वडील त्यांच्या ओळीत कोणी नाही.

म्हणून एप्रिल २०२५ मध्ये जे घडले ते आम्हांस अर्थपूर्ण वाटते. त्या वर्षी निवडीचा सोहळा ग्रीन बे येथेच, संघाच्या मैदानालगत भरला होता. गावाच्या वस्तीच्या अनेकपट माणसे तीन दिवसांत लोटली. २४ तारखेच्या रात्री तेविसाव्या जागेवर टेक्सास विद्यापीठाच्या मॅथ्यू गोल्डनचे नाव पुकारले गेले, आणि त्या गर्दीने आकाश डोक्यावर घेतले. कारण २००२ नंतर तेवीस वर्षांत ग्रीन बेने पहिल्या फेरीत एकही रिसीव्हर घेतला नव्हता. गोल्डनने चाचणीत ४० यार्ड ४.२९ सेकंदांत कापले होते; वॉटसनच्या गुडघ्याबरोबर संघातून जो वेग गेला होता त्याच जातीचा हा वेग. तिसऱ्या फेरीत सॅव्हियन विल्यम्स हा आणखी एक रिसीव्हर घेतला गेला.

पहिल्याची हौस पुरविण्यासाठी हे केले, असे गर्दीस वाटले असेल; आम्हांस त्यात प्रपंची माणसाचे धोरण दिसले. निवडीतून आलेल्या तरुणाचा पहिला करार चार वर्षांचा असतो. वॉटसन आणि डब्स दोघेही २०२२ चे. म्हणजे दोघांचे मूळ करार २०२५ च्या हंगामाबरोबर संपणारे. संघाने वेतनावर किती खर्च करावा यासही मर्यादा असते. २०२५ साली ती २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. एका घरात दोन मुलींची लग्ने एकाच वर्षी निघावीत, अशातला तो प्रकार. शहाणा गृहस्थ तिथी ठरण्याची वाट पाहत नाही; आदल्या वर्षापासून तजवीज करतो. आणि तजवीज किती वेळेवर होती हे त्याच हंगामाने दाखविले. सप्टेंबरात दुसऱ्याच सामन्यात रीडचे गळ्याचे हाड मोडले. वॉटसन ऑक्टोबरच्या अखेरीस परतला. आणि नोव्हेंबरच्या आरंभी टकर क्राफ्ट हा भरवशाचा झेलकरी गुडघ्यामुळे गेला.

तेव्हा या संघाची गरज कोणती, असे आम्हांस कोणी विचारील तर आम्ही ‘एक पहिला’ असे म्हणणार नाही. आम्ही तीन गोष्टी मागू: दूर धावून रक्षकांस मागे रेटणारे दोन, कारण एकाचा गुडघा केव्हा जाईल याचा नेम नाही, दहापैकी शेवटचे दोन यार्ड हवे असताना चेंडू हमखास धरणारा एक, आणि या तरुणांच्या ओळीत वयाने व अनुभवाने मोठा असा एक, मग त्याचे पाय थोडे मंदावलेले का असेनात. या चौघांतून पहिला निघाला तर उत्तमच. न निघाला, तर त्यांतला एक पडल्यावर दुसरा त्याचे काम उचलील, आणि आम्हांस खोली म्हणावयाची ती हीच.

आमच्या नादाचाही येथे उपयोग आहे असे आम्हांस वाटते. पहिले नाव कोणीही वाचतो. ते मोठ्या अक्षरांत छापलेले नसले तरी डोळ्यास तसे दिसते. सहावे नाव वाचावयास थोडी माया लागते. ज्या रात्री पहिले दोघे मैदानाबाहेर बसलेले असतात, त्या रात्री लाखो डोळे प्रथमच त्या सहाव्या नावाकडे वळतात आणि विचारतात, हा कोण? हा तर हंगामभर तेथेच होता. सराव करीत होता, दुसऱ्याच्या वाटा पाठ करीत होता, आणि आपल्याकडे कधी न येणाऱ्या चेंडूसाठी हात तयार ठेवीत होता.